भिंती गेल्या, कान राहिले

नवं ऑफिस थाटणाऱ्या कंपन्या आणि ते थाटून देणारे इंटिरियरवाले एक युक्तिवाद हल्ली इतक्या ठामपणे मांडतात, की त्याला पुरावा मागणं असभ्य वाटावं. युक्तिवाद असा: बंद केबिनींमुळे माणसं एकमेकांपासून तुटतात. भिंती काढल्या की ती बोलू लागतात, बोलू लागली की नव्या कल्पना सुचतात. साहेब आणि नवशिका एकाच रांगेत बसले की उतरंड मोडते. आणि हे सगळं कमी जागेत, म्हणजे कमी भाड्यात होतं. हिंजवडी, खराडी, ऐरोली, बीकेसी, कुठल्याही काचेच्या इमारतीत शिरा, हा युक्तिवाद तुम्हाला फर्निचरच्या रूपात भेटेल. लांबच लांब टेबलं, दोन्ही अंगांना खुर्च्या, मधे वीतभर उंचीचं कापडी पार्टिशन, भिंतीवर इंग्रजीत काहीतरी स्फूर्तिदायक, आणि कोपऱ्यात कुणीही न बसलेली बीन बॅग.

यातलं शेवटचं कारण खरं आहे. भाडं खरंच वाचतं. बाकीची कारणं म्हणजे त्या एका कारणाला नेसवलेली वस्त्रं. भाडं वाचवण्याला माझी हरकत नाही. मुंबईतला जागेचा भाव ज्याने एकदा भरलाय, तो हरकत घेणारच नाही. हरकत आहे ती काटकसरीला संस्कृती म्हणण्याला. चौरस फूट परवडत नाहीत म्हणून दाटीने बसवतोय असं सांगितलं, तर निदान दाटीवर उपाय शोधता येतो. दाटी हीच प्रगती आहे असं सांगितलं, की तक्रार करणारा माणूस मागासलेला ठरतो.

आधी बोलण्याचं पाहू. भिंती काढल्यावर माणसं जास्त बोलतात का? हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी हे मोजून पाहिलं. दोन बड्या अमेरिकी कंपन्या आपली मुख्यालयं पार्टिशनवाल्या रचनेतून पूर्ण मोकळ्या रचनेत नेत होत्या. दोघांनी कर्मचाऱ्यांच्या गळ्यात यंत्रं अडकवली. कोण कोणासमोर उभं आहे आणि बोलतं आहे, हे ती टिपत होती. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. दोनच कंपन्या, त्याही अमेरिकेतल्या, असा आक्षेप घेता येईल आणि तो वाजवी आहे. पण मग सिडनी विद्यापीठातल्या किम आणि डी डिअर यांचं २०१३ चं काम बघा. ३०३ ऑफिस इमारती, ४२ हजारांहून अधिक माणसांची उत्तरं. मोकळ्या जागेत संपर्क सोपा होतो हा जो फायदा सांगतात, तो आवाज आणि खासगीपणाच्या तोट्यापुढे टिकत नाही, असं त्यातून निघालं.

याची कारणं शोधायला हार्वर्डला जायची गरज नव्हती. भिंतीलाही कान असतात असं आपण म्हणत आलो. भिंती पाडल्यावर कान तेवढे उरले. चाळीस माणसांच्या देखत कुणी सहकाऱ्याला ‘तुझं हे गणित चुकलंय’ असं सांगत नाही. सांगितलंच, तर ज्याला सांगितलं तो मान्य करत नाही, कारण आता प्रश्न गणिताचा नसून अब्रूचा झालेला असतो. मग हेच वाक्य मेसेजवर जातं, तीन टेबलं पलीकडे. डॉक्टरांचा, बँकेचा, मुलाच्या शाळेचा फोन आला की माणूस जिन्यात पळतो. ज्या कंपनीने ‘संवादासाठी’ मजला मोकळा केला, तिथला खरा संवाद फायर एक्झिटच्या जिन्यात, लिफ्टच्या तोंडाशी आणि खालच्या चहाच्या टपरीवर चालतो. आणि मजल्यावर? मजल्यावर प्रत्येकाच्या कानात हेडफोन. कंपनीने काढून घेतलेलं दार माणसाने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन कानावर चढवलेलं आहे.

मोकळ्या ऑफिसचे जाणकार समर्थक इथे आपले तीन साक्षीदार उभे करतात. त्यांची उलटतपासणी करायला हवी, कारण साक्षीदार अस्सल आहेत. पहिला एमआयटीचा थॉमस ॲलन. संशोधक एकमेकांशी किती वेळा बोलतात हे दोघांच्या टेबलांतल्या अंतरावर ठरतं, आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे बोलणं जवळजवळ संपतं, असं त्याने १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं. दुसरी साक्ष एमआयटीच्याच ‘बिल्डिंग २०’ची. १९४३ मध्ये युद्धकाळात रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली लाकडी इमारत. तात्पुरती म्हणून बांधली ती १९९८ पर्यंत टिकली, आणि नोम चॉम्स्कीच्या भाषाविज्ञानापासून अमर बोसच्या ध्वनिसंशोधनापर्यंत काय काय तिथे घडलं. तिसरी बेल लॅब्जची, मरे हिलची: लांबलचक कॉरिडॉर, त्यातून जाता-येता भौतिकवाला रसायनवाल्याला गाठतो, आणि ट्रान्झिस्टर जन्माला येतो.

आता प्रश्न विचारा. ॲलनने मोजलं ते अंतर, भिंत नव्हे. दोन माणसांच्या खोल्या शेजारी असल्या की ती बोलतात. त्यासाठी खोल्या पाडाव्या लागत नाहीत. बेल लॅब्जच्या त्या कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना काय होतं? खोल्या आणि प्रयोगशाळा. दारं असलेल्या. माणूस दारातून बाहेर पडला की गाठ पडायची, दार लावलं की काम व्हायचं. आणि बिल्डिंग २० ही तर समर्थकांच्या सगळ्यात विरोधातली साक्ष आहे. ती इमारत खोल्यांचीच होती. तिचं भाग्य एवढंच, की कुणालाच तिची किंमत नव्हती. संशोधकाला तार ओढायची असली तर तो भिंतीला भोक पाडायचा आणि परवानगी मागायचा नाही. अणुघड्याळाच्या प्रयोगाला उंची कमी पडली तेव्हा जेरॉल्ड झकारियासने वरचे दोन मजले कापून काढले! आपल्याकडे ‘बिल्डिंग २०’चं नाव घेऊन बांधलेल्या ऑफिसात एखाद्याने पार्टिशनला टाचणी लावून मुलीचं चित्र टांगलं, तर दुसऱ्या दिवशी ‘क्लीन डेस्क पॉलिसी’चा ईमेल येतो.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे, की ऑफिस चांगलं की वाईट हे भिंती किती यावरून ठरत नाही. तिथलं काम कसं चालतं आणि ते करणाऱ्या माणसाला आपल्या जागेवर किती हुकमत आहे, यावरून ठरतं. हे कळलेले लोक पूर्वीही होते. त्यांचं काय झालं हा इतिहास मोकळ्या ऑफिसचं ब्रोशर कधी छापत नाही.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबॉर्नमध्ये एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या दोन भावांनी ऑफिस-रचनेचा व्यवसाय सुरू केला. सुरुवात ते टेबलापासून करत नसत. कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कोण कोणाला दिवसातून किती वेळा गाठतो, याचे तक्ते करत. मग ज्यांचं एकमेकांशी काम, त्यांची टेबलं जवळ. रांगा नाहीत, टेबलं वाकडीतिकडी, मधे कुंड्या, खाली गालिचा, विसाव्याला वेगळी जागा. युरोपभर याची नक्कल झाली. नक्कल करणाऱ्यांनी हॉल घेतला, कुंड्या घेतल्या आणि तक्ते टाकून दिले. ज्या अभ्यासातून ती रचना निघाली होती तोच वजा झाल्यावर उरला गोंगाट, झुळझुळणारे एसीचे झोत आणि खिडकीपासून वीस मीटरवर बसलेला कारकून. पश्चिम जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळांचे अधिकार वाढले. कामाच्या जागेबद्दल त्यांचं ऐकणं भाग पडू लागलं, तसे हे हॉल मागे पडत गेले. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात पुन्हा खोल्या आल्या, खिडकीवाल्या. मोकळ्या ऑफिसच्या माहेरातच, माणसांना तोंड उघडायची सोय झाल्याबरोबर, त्याला नकार मिळाला.

अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्टची कथा याहून कडवट आहे. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा हा संशोधक. माणूस दिवसभर एका जागी एका उंचीवर बसण्यासाठी घडलेला नाही, हे त्याचं निरीक्षण. काहींनी उभ्याने काम करावं, कागद डोळ्यांसमोर पसरलेले असावेत, जागा कामाप्रमाणे बदलावी. १९६४ मध्ये त्याचं ‘ॲक्शन ऑफिस’ बाजारात आलं. देखणं होतं, महाग होतं, खपलं नाही. १९६८ मध्ये दुसरी आवृत्ती आली: हलवता येणारे, १२० अंशांच्या मोकळ्या कोनात जोडायचे पडदे. कर्मचारी ते आपल्या सोयीने उघडतील-मिटतील अशी त्याची कल्पना. विकत घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की तेच पडदे ९० अंशांत जोडले तर त्याच जागेत कितीतरी जास्त माणसं मावतात. अमेरिकेत फर्निचरचा घसारा इमारतीपेक्षा लवकर काढता येतो, ही हिशेबनिसाच्या आवडीची आणखी एक गोष्ट. झालं. माणसाला मोकळं करण्यासाठी काढलेल्या वस्तूचा क्यूबिकल झाला. आयुष्याच्या अखेरीस प्रॉप्स्टने या प्रकाराची निर्भर्त्सना केली, पण तोवर पडदे विकले गेले होते.

दोन्ही वेळा घडलं ते एकच. कल्पना कामातून आली, विकत घेतली गेली ती चौरस फुटांच्या हिशेबाने. म्हणून ‘केबिन वाईट की मोकळा मजला वाईट’ हा वाद मला खोटा वाटतो. क्यूबिकल आणि मोकळा मजला हे एकाच हिशेबाचे दोन हप्ते आहेत. दुसऱ्या हप्त्यात पडदाही वाचला, इतकंच.

आता समतेचं. ‘आमचे सीईओ सगळ्यांच्यात बसतात’ हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. बसतात खरे. पण त्यांची खुर्ची कुठे असते ते पाहा. पाठीला भिंत किंवा खिडकी, समोर सगळा मजला. आणि गेल्या महिन्यात लागलेली मुलगी? तिची पाठ वाटेला, स्क्रीन येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडी. मोकळ्या मजल्यावर पद पाटीवरून कळत नाही, पाठ कुणाकडे आहे यावरून कळतं. शिवाय साहेबांना बोलायचं असलं की मीटिंग रूम आहेच. मजल्यावरच्या चारपैकी दोन मीटिंग रूम दिवसभर ‘साहेबांसाठी’ अडवलेल्या, हे चित्र कुणाला अनोळखी असेल तर त्याने हात वर करावा. केबिन गेली नाही. तिचं भाडं आता सगळ्यांच्या वाट्याच्या जागेतून भरलं जातं. निदान पूर्वीच्या केबिनीवर नाव तरी होतं.

सगळे एका छताखाली, सगळे दिसतील असे, ही रचना नवी आहे असंही नाही. फ्रँक लॉईड राईटने बफेलोमध्ये १९०६ साली लार्किन या साबण कंपनीची इमारत पूर्ण केली. टपालाने येणाऱ्या ऑर्डरींचा ढीग उपसणारं ते ऑफिस. मधोमध पाच मजले उंच, वरून उजेड येणारा चौक, आणि अधिकारीसुद्धा तळाशी त्या चौकातच बसलेले. वास्तुकलेच्या पुस्तकांत तिचं कौतुक असतं आणि ते रास्त आहे. पण तिथल्या कारकुनांच्या खुर्च्या टेबलांनाच बिजागरीने जोडलेल्या होत्या. जमीन झाडायला सोपं, आणि माणूस खुर्ची हवी तशी सरकवून ऐसपैस बसण्याची भीती नाही. पुढे जॉन्सन वॅक्सच्या ऑफिसासाठी त्याच राईटने तीन पायांची खुर्ची केली. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकून बसलं नाही तर ती कलंडायची. राईट स्वतः तिच्यावरून पडला अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो-नसो, खुर्चीला नंतर चौथा पाय आला हे मात्र खरं. मोठा वास्तुकारसुद्धा जेव्हा बसणाऱ्याला न विचारता बसायची तऱ्हा ठरवतो, तेव्हा काय होतं, याचा हा नमुना.

आणि समता म्हणायची, तर नकाशातून कोण गळतं तेही बघूया. दिवसभर दारात उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्याला स्टूल नसतं, कारण रिसेप्शनच्या ‘लूक’ला ते शोभत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय द्यावी, असा कायद्यात बदल केला. बसण्याचा हक्क कायद्याने द्यावा लागतो, ही वेळ आपण आणली. हाऊसकीपिंगच्या मावशी डबा कुठे खातात? अनेक ठिकाणी पायऱ्यांवर, किंवा बादल्या-मॉप ठेवायच्या खोलीत. मोकळ्या ऑफिसच्या एकाही देखण्या थ्री-डी चित्रात मी त्यांच्या डब्याची जागा पाहिलेली नाही. फूसबॉलच्या टेबलाची पाहिली आहे.

पाळणाघराचंही तसंच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा मिळाली. महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही पन्नासाचीच अट आहे. ती पुरी करायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पाळणाघराशी करार केला की कागद भरतो. चार वेळा जाऊन येणार कशी, हे कुणी त्या आईला विचारत नाही.

एसीबद्दल मी दोनच गोष्टी सांगेन, कारण यावर बोलताना माझा तोल जातो. ऑफिसातलं तापमान ठरवण्याचं जे शास्त्रीय गणित १९६० च्या दशकापासून रूढ झालं, त्यात चयापचयाचा आकडा होता साधारण चाळिशीच्या, ७० किलोच्या पुरुषाचा. बायकांच्या शरीराची उष्णता तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरतो, असं दोन डच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. ही पहिली गोष्ट. दुसरी शोधनिबंधाशिवाय दिसते: मे महिन्यात, बाहेर चाळीस अंश असताना, खुर्च्यांच्या पाठींना टांगलेले स्वेटर आणि शाली, आणि एसीच्या जाळीला सेलोटेपने चिकटवलेला पुठ्ठा. तो पुठ्ठा म्हणजे त्या ऑफिसच्या रचनेवरचा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय आहे. ॲडमिन तो दर महिन्याला काढून टाकतं.

एक प्रतिवाद मात्र मला हुशारीचा वाटतो. आपल्याकडे ऑफिस पूर्वीपासून मोकळंच होतं, असं म्हणतात. सराफाची पेढी बघा: एक गादी, मुनीम, गुमास्ता, मालक, सगळे एकमेकांच्या नजरेत. वर्तमानपत्राचा न्यूज डेस्क बघा. तिथे कुणाला भिंत हवी होती? हे खरं आहे, आणि यानेच माझा मुद्दा पक्का होतो. पेढीवर जे कानावर पडतं ते कामच असतं. गिऱ्हाईक काय भाव मागतंय ते मुनिमाने ऐकलंच पाहिजे. न्यूज डेस्कवर रात्री दहाला पूल कोसळल्याची बातमी आली, तर ती ओरडूनच सांगायची असते, कारण ती पानं लावणाऱ्यापासून फोटो निवडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना एकाच क्षणी लागणार आहे. तिथला गोंगाट ही माहिती आहे. पण त्याच वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिणारा दार लावून घेतो, आणि त्याला कुणी तुटक म्हणत नाही. आता एखाद्या आयटी कंपनीचा मजला घ्या. एक जण बँकेच्या प्रणालीतला दोष शोधतोय, शेजारचा अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉलवर, पलीकडे एचआरवाली उमेदवाराला पगार सांगतेय, मागे पॅन्ट्रीत कुणाचा तरी वाढदिवस. यातल्या कुणाचाही आवाज दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. पेढीचं नाव घेऊन या चौघांना एका टेबलावर बसवणं म्हणजे पेढी न कळणं.

जागा कामातून कशी निघते याचं उदाहरण मला सरकारी व्यवस्थेतून द्यावंसं वाटतं, कारण तिथून कुणी अपेक्षा करत नाही. आपल्या कित्येक कचेऱ्यांत अजून ती खिडकी आहे: जाळी, जाळीत हात जाईल एवढं अर्धगोल भोक, आणि ते इतक्या खाली की नागरिकाने कंबरेत वाकूनच बोलावं. आतला बसलेला, बाहेरचा वाकलेला. राज्यकारभाराचं सगळं नातं त्या भोकाच्या उंचीत आलं. पासपोर्ट सेवा केंद्रात हे मोडलं गेलं. अर्जदार ए, बी, सी अशा काउंटरांवरून पुढे सरकतो: आधी कागद आणि फोटो, मग पडताळणी, मग मंजुरी. टोकन लागेपर्यंत बसायला खुर्ची, काउंटरवर बोलताना खुर्ची. कामाचा क्रम हाच जागेचा क्रम. तिथे सगळं छान आहे असं नव्हे. पण कुणीतरी आधी काम पाहिलं आणि मग टेबल ठेवलं, हे तिथे दिसतं.

रचनाकारांतही असे झाले आहेत. हॉलंडमधल्या आपेलडोर्नला हर्मन हर्ट्सबर्गरने १९७२ मध्ये सेंट्राल बेहीअर या विमा कंपनीचं ऑफिस बांधलं, सुमारे हजार माणसांसाठी. ते मोकळंच होतं, पण मैदान नव्हतं: चौकोनी बेटं, बेटांच्या कोपऱ्यांत चार-सहा जणांच्या गटांपुरत्या जागा, मधून उजेडाच्या दऱ्या. आणि काँक्रीटचे ठोकळे त्याने मुद्दाम उघडे, अपुरे ठेवले. बाकीचं तुम्ही करा, म्हणाला. लोकांनी केलं: झाडं आणली, चित्रं लावली, कोपरे आपलेसे केले. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या सुमारास स्वतःचं ऑफिस ‘संगथ’ बांधलं ते जमिनीत अर्धं रुतलेलं, वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेली लांबट कमानदार छतं, उन्हाचा ताप परतवणारी. बाहेरच्या पायऱ्यांवर माणसं बसू शकतील असं अंगण. वास्तुकाराच्या स्टुडिओला ते इतकं शोभतं की डोळ्यांत भरतं. आणि त्याची नक्कल करून विमा कंपनी थाटली तर ती महिन्याभरात बंद पडेल. ‘बेस्ट प्रॅक्टिस’ या नावाखाली दुसऱ्याचं ऑफिस उचलून आणणाऱ्यांना हेच सांगायचं आहे: तुम्ही ज्याचे फोटो आणलेत त्याने कुणाचे फोटो आणले नव्हते.

करोनानंतर या सगळ्यात एक नवी भर पडली: कुणाचीच जागा कुणाची नाही. रोज ॲपवर सीट बुक करायची. या पद्धतीलाही भविष्याचं नाव मिळालंय, म्हणून जरा तिचा भूतकाळ. १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या शाएट/डे या जाहिरात कंपनीचा प्रमुख जे शाएट याने टेबलं, कपाटं, खोल्या सगळं रद्द केलं. सकाळी यायचं, फोन आणि लॅपटॉप उसना घ्यायचा, मिळेल तिथे बसायचं. जगभर लेख छापून आले. आत काय झालं? फोन आणि लॅपटॉप पुरेना. लोक लवकर येऊन ते लपवून ठेवू लागले. कागद ठेवायला जागा नाही म्हणून काहींनी गाडीच्या डिकीचं कपाट केलं. आपला माणूस आज कुठे बसलाय हे शोधण्यात सकाळ जायची. १९९८ मध्ये कंपनीच्या लॉस एंजेलिसमधल्या माणसांना नव्या ऑफिसात परत टेबलं मिळाली. एवढ्या गाजलेल्या प्रयोगाचा एवढा स्पष्ट निकाल लागूनही तो तीस वर्षांनी पुण्यात ‘नवी पद्धत’ म्हणून येतो, कारण त्या निकालात माणसांचा तोटा होता आणि भाड्याचा फायदा.

आणि भाड्याचाच हिशेब करायचा तर तो पुरा करा. जेएलएल ही मालमत्ता-सल्लागार कंपनी एक ढोबळ ठोकताळा वापरते: वीज-पाण्यावर तीन डॉलर खर्च झाले तर भाड्यावर तीस आणि पगारावर तीनशे. आकडे अमेरिकेचे आहेत, मुंबईच्या भाड्याला आणि पुण्याच्या पगाराला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण ज्या कंपनीत शिकलेली माणसं डोक्याने काम करतात, तिथे पगार हाच मोठा खर्च, हे आपल्याकडेही खरं आहे. भाड्याचा दहावा हिस्सा वाचवण्यासाठी पगाराच्या माणसाचं रोजचं तासभर लक्ष मोडायचं, हा व्यवहार कुठल्या मुनिमाने पास केला असता? गंमत अशी की वाचलेलं भाडं ताळेबंदात दिसतं, मोडलेलं लक्ष दिसत नाही. म्हणून ते फुकट समजलं जातं.

यावर शेवटचं अस्त्र निघतं: ‘लोकांना ऑफिसात यायचंच नाही, त्यांना घरी लोळायची सवय लागली.’ लागली असेल काहींना. पण दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून आलेल्या माणसाला आपल्या टीमपासून दोन मजले दूर सीट मिळत असेल, आणि तिथे बसून तो हेडफोन लावून घरच्यासारख्याच व्हिडिओ कॉलवर बसणार असेल, तर त्याला नेमकं कशासाठी बोलावलं? उलट बाजूही आहे, आणि तिचा विचार या वादात कुणीच करत नाही. डोंबिवलीच्या वन बीएचकेत सासू-सासरे, दोन मुलं आणि टीव्ही यांच्यात बसून जिने करोनाची दोन वर्षं काम काढलं, तिला ऑफिस हवं आहे. जिच्या घरात स्वतःचं असं एकही टेबल नाही, ती शांत जागेच्या आशेने लोकलला लोंबकळत येते. तिला आपण काय देतो? ॲपवर उरलेली, पॅन्ट्रीच्या तोंडावरची, पाठ वाटेला असलेली खुर्ची.

तिला विचारायला कुणाची बंदी नाही. भाडेकरारावर सही होते तेव्हा टेबलाशी फायनान्स असतं, ॲडमिन असतं, ब्रोकर असतो, इंटिरियरवाला असतो. सपोर्टची रात्रपाळी नसते, पाळणाघर लागणारी आई नसते, व्हीलचेअरवरून येणारा नसतो, मावशी नसतात. फॉल्स सीलिंगच्या रंगाचे नमुने तिघांकडून मागवले जातात. एका टीमची एक ओळ आधी उभारा, तिथे त्यांना महिनाभर बसू द्या, काय हलवायचं ते त्यांचं त्यांना हलवू द्या आणि मग बाकीच्या मजल्याची ऑर्डर द्या, एवढं सुचवलं की उत्तर येतं, वेळ नाही. लीज मात्र नऊ वर्षांचं असतं.